माइनक्राफ्टची स्किन पोझमध्ये बघण्यासाठी डेस्कटॉप सॉफ्टवेअर सुचवा

काठपदर

नमस्कार मंडळी,

आमच्या मावस-मामे भावंडांचा माइनक्राफ्टचा (जावा आवृत्ती) एक छोटा सर्व्हर आहे. यंदा गणपतीत सगळ्यांनी पारंपरिक वेषात खेळायचं ठरलंय आणि स्किन (पात्राच्या अंगावर चढणारं चित्र) काढायचं काम माझ्याकडे आलंय. नऊवारी, धोतर-उपरणं, फेटा असं एकेक करतेय. रंगवण्याची अडचण नाही, पिक्सेल आर्ट बरीच वर्षं करतेय. अडचण आहे ती बघण्याची. ६४ × ६४ च्या सपाट चित्रात काठाला काठ नीट जुळलेला दिसतो, पण खेळात ते पात्र चालायला लागलं की मांडीच्या आतल्या बाजूला भलताच रंग डोकावतो. प्रत्येक बदलानंतर स्किन अपलोड करा, खेळ उघडा, एफ५ दाबून सगळीकडून बघा, यात संध्याकाळ जाते.

लॅपटॉपवर चालणारं, शक्यतो इंटरनेट न लागणारं काहीतरी हवंय. हातपाय वळवून बघता यावेत, चित्राची फाइल बदलली की बदल लगेच दिसावा, आणि शेवटी प्रत्येकाचं एक छान चित्र काढता यावं, कुटुंबाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर निमंत्रण म्हणून टाकायला. लॅपटॉप साधा आहे: ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. फुकट असेल तर उत्तम, पण पैसे देण्यासारखं काही असेल तर तेही सांगा.

घनचौकोन

ब्लॉकबेंच घ्या. फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हीवर चालतं, आणि तुमच्या लॅपटॉपला अजिबात जड नाही. ब्राउझरमध्येही उघडतं, पण तुम्ही डेस्कटॉपचंच उतरवून घ्या. डिस्कवरची पीएनजी (स्किनच्या चित्राची फाइल) दुसऱ्या कुठल्या प्रोग्रॅममध्ये बदलून सेव्ह केली की ब्लॉकबेंचमधलं मॉडेल आपोआप ताजं होतं, ही सोय डेस्कटॉपवरच नीट मिळते.

नवीन प्रोजेक्ट करताना 'माइनक्राफ्ट स्किन' हा प्रकार निवडा. मॉडेल क्लासिक की स्लिम ते तिथेच ठरवा. क्लासिकचे हात ४ पिक्सेल रुंद असतात, स्लिमचे ३. नऊवारीसाठी बहुतेक तुम्ही स्लिम घेतलं असेल. मग अपलोड करतानाही स्लिमच निवडायचं, नाहीतर बाहीचे रंग सरकतात.

आत गेलात की रंगवण्याचा आणि पोझचा असे दोन मोड दिसतील. पोझमध्ये चालणं, बसणं, वाकणं, नेम धरणं अशा तयार पोझेस आहेत, शिवाय प्रत्येक अवयव हाताने फिरवता येतो. तुम्हाला जे खेळात जाऊन बघावं लागतंय ते इथे दोन क्लिकमध्ये होईल. आणखी एक: सावल्या दाखवणारं शेडिंग बंद करायची सोय आहे. रंग जुळवताना ते बंद ठेवा, कारण शेडिंगमध्ये एकच हिरवा समोर एक आणि बाजूला दुसरा दिसतो.

काठपदर

वा, हे नेमकं हवं होतं. आत्ताच उतरवलं. मांडीच्या आतल्या बाजूचा गोंधळ बसलेल्या पोझमध्ये लगेच दिसला. पण सपाट चित्रात ती बाजू नक्की कुठली, हे अजून डोक्यात बसत नाहीये.

घनचौकोन

सोपं आहे, एकदा कळलं की विसरणार नाही. पायाच्या पट्टीत चार बाजू ओळीने असतात आणि ती ओळ नेहमी पात्राच्या उजवीकडून सुरू होते: उजवी, समोरची, डावी, मागची. त्यामुळे उजव्या पायाची आतली बाजू म्हणजे तिसरा तुकडा, आणि डाव्या पायाची आतली बाजू म्हणजे पहिला तुकडा. डावा पाय चित्रात खाली वेगळा आहे. २०१४ च्या १.८ आवृत्तीपूर्वी स्किन ६४ × ३२ ची होती आणि डावे हातपाय उजव्यांचीच आरशातली नक्कल असायचे. आता चारही अवयव स्वतंत्र रंगवता येतात. जुन्या पद्धतीची फाइल कुठून घेतली असेल तर हे आधी तपासा.

नऊवारीला खरं तर हा खेळ फार सोयीचा आहे. सहावारीचा घोळ दोन पायांवर रंगवला की पाय हलल्यावर तो मधून फाटल्यासारखा दिसतो. नऊवारीत काष्टा पायांमधूनच मागे जातो, म्हणून आतल्या दोन्ही तुकड्यांना साडीचाच रंग द्या, त्यावर काठाचा एक पिक्सेल तिरका वर चढवत मागच्या बाजूला न्या आणि कमरेपाशी खोचल्यासारखा संपवा. मग पात्र धावो की घोड्यावर बसो, साडी नेसलेलीच दिसते. खेळात घोडा, होडी किंवा खाणगाडीत बसल्यावर पाय फाकतात, तेव्हा हीच बाजू सगळ्यात जास्त दिसते. तळवेही रंगवायला विसरू नका, पोहताना आणि एलिट्रा (खेळातले पंख) लावून उडताना ते मागच्याला दिसतात.

अबोली_गजरा

धागा वाचून फार आनंद झाला, कारण मीही नऊवारीच्या स्किन करते. पदराबद्दल माझा सल्ला देते.

पदर डाव्या खांद्यावर असतो. पात्राची डावी म्हणजे समोरून बघणाऱ्याची उजवी, नथीचंही तसंच. आता अडचण अशी की या मॉडेलला खांदाच नाही. डोकं ८ पिक्सेल रुंद आणि धडही ८ पिक्सेलच रुंद, म्हणजे धडाचा वरचा भाग पूर्ण डोक्याखाली झाकला जातो. ज्याला आपण खांदा समजतो तो हाताचा वरचा पृष्ठभाग असतो. तिथे पदर रंगवला आणि पात्राने हात समोर उचलला की तो पदर हाताबरोबर गर्रकन मागे फिरतो. ब्लॉकबेंचच्या नेम धरायच्या पोझमध्ये हे लगेच कळतं.

म्हणून पदर धडावरच ठेवा, तोही बाहेरच्या थरात (स्किनमध्ये अंगावर जॅकेट, बाह्या, टोपीसारखा आणखी एक थर रंगवता येतो). समोरून तिरका चढवत मानेच्या डाव्या कडेशी न्या आणि पाठीवर तिथूनच खाली उतरवा. हाताच्या वरच्या पृष्ठभागावर मानेकडच्या एका ओळीला फक्त तोच रंग द्या. हात खाली असताना पदर सलग दिसतो आणि हात उचलला तरी मुख्य पदर जागचा हलत नाही.

बाहेरच्या थराबद्दल एक महत्त्वाचं. खेळाच्या सेटिंगमध्ये जो तो आपलं जॅकेट, बाह्या, टोपी बंद करू शकतो. तुमच्या भावंडांपैकी कोणी जॅकेट बंद ठेवलेलं असेल तर पदर गायब होईल. आतल्या थरातही पदराचा साधा रंग भरून ठेवा, बाहेरच्यात फक्त जर आणि बुट्टी द्या. फेट्यालाही हाच नियम, कारण तो टोपीच्या थरात जातो.

आणि बांगड्या! मनगटावर हिरव्या चुड्याची एक ओळ नक्की द्या. खेळणाऱ्याला स्वतःचं बाकी काही दिसत नाही, पण हातात काही धरलेलं नसेल तर समोर आपला हात सतत दिसत असतो. ज्या बहिणीसाठी स्किन करताय तिला दिवसभर दिसणार आहे तो चुडाच.

रात्रपाळी

तपासायला ब्लॉकबेंच ठीक आहे, पण निमंत्रणाच्या चित्रासाठी माइन-इमेटर बघा. तेही फुकट आहे. मुळात ॲनिमेशनसाठी केलेलं आहे, पण एक स्थिर चित्र काढायलाही छान.

फरक कोपरा-गुडघ्यांचा. खेळात हातपाय सरळ दांड्यासारखे असतात, वाकत नाहीत. दोन सरळ हातांनी नमस्कार करायला गेलात तर ते एकमेकांतून आरपार जातात. माइन-इमेटरमध्ये कोपर आणि गुडघा वाकवता येतो, त्यामुळे नमस्कार, मांडी घालून बसलेला, आरतीचं ताट धरलेला, सगळं जमतं. शिवाय तुमच्या सर्व्हरच्या जगाची प्रत लॅपटॉपवर असेल तर त्यातला एक तुकडा उचलून मागे देखावा म्हणून आणता येतो. भावंडांनी बांधलेल्या मखरासमोरच सगळ्यांना उभं करा! वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही म्हणताय, तर काम करताना दर्जा कमी ठेवा आणि शेवटचं चित्र काढतानाच वाढवा.

मातीचा_ठोकळा

मी ब्लेंडर (थ्रीडी चित्रं आणि ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर) सुचवेन, पण तुमच्या बाबतीत 'नंतर कधीतरी' म्हणून. प्रकाश, सावली, कपड्याच्या घड्या यांवर जितका ताबा ब्लेंडरमध्ये मिळतो तितका बाकी कशात नाही. माइनक्राफ्टच्या पात्रांचे तयार रिग (हातपाय हलवता येणारी मॉडेल) लोकांनी करून फुकट ठेवलेत, आपली पीएनजी त्यात बसवायची की झालं. पण शिकायला वेळ लागतो आणि गणपती तोंडावर आलेत. ब्लेंडर ४.० पासून ओपनजीएल ४.३ (ग्राफिक्ससाठीची एक प्रणाली) चालवू शकणारी ग्राफिक्स चिप लागते, तेवढं आधी बघा.

ज्यांना हा रस्ता घ्यायचाच आहे त्यांच्यासाठी दोन सेटिंग, कारण नवीन माणूस इथेच निराश होतो. टेक्श्चरच्या नोडमध्ये 'लिनिअर' असतं ते 'क्लोजेस्ट' करा, नाहीतर पिक्सेलच्या कडा विरघळतात आणि नथ म्हणजे नुसता डाग होतो. दुसरं, कलर मॅनेजमेंटमध्ये व्ह्यू ट्रान्सफॉर्म ४.० पासून मुळात 'एजीएक्स' असतो. तो वास्तव प्रकाशासाठी उत्तम आहे, पण आपण निवडलेला शेंदरी आणि चुड्याचा हिरवा त्यात फिकट पडतो. 'स्टँडर्ड' करा, रंग परत येतात.

अनोळखी रिग उघडताना ब्लेंडर त्यातल्या स्क्रिप्ट चालवू का असं विचारतं. रिग कुठून घेतला याची खात्री असल्याशिवाय हो म्हणू नका. लहान भावंडांनाही सांगून ठेवा: कुणाची स्किन बघायला फक्त खेळातलं नाव पुरतं, जे सॉफ्टवेअर किंवा साइट त्यासाठी पासवर्ड मागते ती तिथल्या तिथे बंद करायची.

वाटसरू_कोकण

एमसीस्किनथ्रीडी कुणीच कसं सुचवलं नाही? साधं, छोटं, स्किन उघडा की समोर मॉडेल.

घनचौकोन

आपल्यापैकी अनेकांनी त्यावर सुरुवात केली हे खरंच, मलाही ते आवडायचं. पण बरीच वर्षं त्यात काम झालेलं नाही, आणि ते फक्त विंडोजचं. नव्याने सुरू करणाऱ्याला आज मी ते सांगणार नाही. नोव्हास्किनही चांगलं आहे, पोझ आणि वॉलपेपर दोन्ही होतं, पण ते ब्राउझरमध्ये चालतं आणि ताईंना इंटरनेटशिवायचं हवंय.

काठपदर

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं: रंगवणं आणि तपासणं ब्लॉकबेंचमध्ये, निमंत्रणाचं चित्र माइन-इमेटरमध्ये. पैसे कुठेच द्यावे लागत नाहीत हे बघून बरं वाटलं. मखराची कल्पना तर भावंडांना इतकी आवडली की दोघं आत्ताच बांधायला लागलेत. अबोली, पदर तुम्ही सांगितलात तसा धडावर घेतला, हात उचलल्यावर अजिबात हलत नाही.

एकच राहिलं. चंद्रकोर कशी काढायची? चेहरा ८ × ८, त्यात डोळे, नथ आणि वर कोर. तीन पिक्सेल घेतले तर ती मिशीसारखी दिसते.

अबोली_गजरा

कोर काढायला जाऊच नका, तेवढी जागा नाही. कपाळाच्या मधल्या दोन स्तंभांत फक्त एक आडवी जोडी घ्या, गडद कुंकवाच्या रंगाची, भुवयांच्या ओळीच्या बरोबर वर. जोडीतले दोन्ही पिक्सेल एकाच छटेचे ठेवा. एक जरी फिकट झाला तरी टिकली कलंडल्यासारखी दिसते. भुवया वेगळ्या काढल्या असतील तर त्या काढून टाका, त्याशिवाय कपाळ मोकळं दिसणार नाही. नथीला एकच पिक्सेल, नाकाच्या खालच्या ओळीत, बघणाऱ्याच्या उजवीकडे, सोनेरीपेक्षा मोतिया ठेवा. त्वचेच्या रंगावर सोनेरी हरवतो. आणि हे सगळं आतल्या थरात, म्हणजे टोपी बंद केली तरी कुंकू राहील.