मदत हवी आहे: हॉलमधल्या टीव्हीसाठी जाहिरातमुक्त सेटअप

टीव्ही लावला की आधी होमस्क्रीनवर जाहिरात. घरच्या नेटवर्कवर पाय-होल (जाहिरातींचे सर्व्हर अडवणारं सॉफ्टवेअर) लावून पाहिलं. होमस्क्रीन बरीच साफ झाली, यूट्यूबच्या जाहिराती मात्र तशाच (त्या व्हिडिओसोबत त्याच सर्व्हरवरून येतात, अडवणार कशा?). आता टीव्हीचं वायफाय कायमचं बंद करून एचडीएमआयला वेगळा बॉक्स जोडायचा, इथपर्यंत ठरलंय.

जुन्या लॅपटॉपवर जेलीफिन (स्वतःचे चित्रपट घरात स्ट्रीम करणारा मीडिया सर्व्हर) आहे, चित्रपट बरेचसे ४के एचईव्हीसी (व्हिडिओ कॉम्प्रेशनचा एक प्रकार). लॅपटॉपला ट्रान्सकोडिंग (व्हिडिओ चालू असतानाच दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलणं) झेपत नाही, त्यामुळे बॉक्सनेच फाइल थेट प्ले करायला हवी. ओटीटीही ४के हवं, म्हणून रास्पबेरी पाय (छोटा सिंगल-बोर्ड संगणक) बाद. त्यावर वाइडवाइन एल१ (ओटीटी अ‍ॅप्स ४केसाठी मागतात ती कॉपी-संरक्षणाची पातळी) नाही. रिमोट साधाच हवा, आई माउसला हात लावणार नाही.

अँड्रॉइड टीव्ही बॉक्सवर दुसरा लाँचर (होमस्क्रीन दाखवणारं अ‍ॅप) टाकला तर अपडेटनंतर तो टिकतो का, की सरळ अ‍ॅपल टीव्हीच घ्यावा?