चर्चा: बांधावरच्या रायवळ आंब्यांची नावं नोंदवायला हवीत का?

शिराळकर: हवीतच. आमच्याकडं बांधावरच्या एकेका आंब्याला नाव असायचं. गोटी, शेपू, खोबऱ्या, साखऱ्या. कोयीतून आलेलं प्रत्येक झाड वेगळं, म्हणून नावही वेगळं. सफरचंदाचंही असंच, बी लावून तेच फळ येत नाही. ऑस्ट्रेलियात १८६८च्या सुमारास मारिया ॲन स्मिथ या बाईंच्या शेतात एक रोप आपसूक उगवलं. आज जगभरातलं ग्रॅनी स्मिथ म्हणजे त्याच झाडाची कलमं. आपल्याकडं जुनी माणसं गेली की शेपू कुठला हे सांगायला कुणी उरत नाही, आणि झाड लाकडाच्या व्यापाऱ्याला जातं. नाव असलेलं झाड तोडायचं म्हटलं की घरातली चार माणसं आडवी येतात. गावातल्या झाडा-प्राण्यांची नोंद ठेवणाऱ्या लोकजैवविविधता नोंदवहीत ही नावं चढवा.

वाठारचा बागायतदार: पटत नाही. पाच गावांत पाच शेपू आहेत, एकाची चव दुसऱ्याला नाही. नोंदणार कुठला? आणि नाव टिकलं म्हणजे फळ टिकतं असंही नाही. अमेरिकेत आयोवातल्या जेसी हायट यांच्या बागेत हॉकआय सफरचंद आलं. स्टार्क नर्सरीनं हक्क घेऊन त्याचं डेलिशस केलं. पुढं जास्त लाल फळाच्या फांद्या निवडत गेले, रंग गडद झाला, चव उतरली. नाव मात्र डेलिशसच! माझं घर केशर आंब्यावर चालतं, नावावर नाही.

शिराळकर: मग नावापुढं गाव आणि मळा लिहा. २००१च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानं शेतकऱ्याला स्वतःचं वाण नोंदवता येतं, त्याचा उपयोग कधी करायचा?

तासगावची द्राक्षवाली: तास-ए-गणेश हा द्राक्षाचा वाण आमच्याच तालुक्यातल्या बोरगावचा, थॉमसन सीडलेस या वाणातून निवडलेला. तो पसरला कारण काडी या बागेतून त्या बागेत गेली. कागदावर नुसतं नाव ठेवून तो एवढा लांब गेला नसता. आधी कलमं बांधा.

शिराळकर: ताई, मान्य. पण काडी कुठल्या झाडाची काढायची? त्यासाठी नाव आणि ते ओळखणारं माणूस दोन्ही लागतं. झाडावर फळ आहे तोवरच थोरल्यांना बांधावर नेऊन झाडं दाखवून घ्या, खोडाला खूण करा. पाऊस लागल्यावर कोयकलमं बांधू, म्हणजे कोयीच्या कोवळ्या रोपावर त्या झाडाची काडी.

वाठारचा बागायतदार: नोंदवहीबद्दल माझं मत तेच आहे. कलमं बांधायला येतो. मात्र केशरची ओळ काढून शेपू लावा म्हणाल तर जमणार नाही, लावायचा तर बांधावरच.