‘माउंटन मॅन’, ‘रेंदेव्हू’ आणि ‘लिव्हिंग हिस्ट्री’ यांना मराठीत काय म्हणावं?

मूळ प्रश्न (डेन्व्हरहून)

गेल्या सप्टेंबरात आम्ही दिवसभर गाडी हाकत वायोमिंगमधल्या फोर्ट ब्रिजरला गेलो. लेबर डेच्या सुट्टीत तिथे दरवर्षी ‘माउंटन मॅन रेंदेव्हू’ भरतो. कापडी राहुट्या, हरणाच्या कातड्याचे झालरवाले सदरे, तिकाटण्याला टांगलेली काळीकुट्ट भांडी, आणि दर पाच मिनिटांनी कुठे तरी बंदुकीचा बार. रात्री साताऱ्याला बाबांना फोन केला. ते म्हणाले, “म्हणजे तिथं माणसं नेमकं करतात काय?” मी म्हटलं, “रीएनॅक्टमेंट.” “म्हणजे नाटक?” “नाही.” “जत्रा मग?” “तशी आहे, पण नाही.” पुढे मला मराठी सापडेना.

थोडी पार्श्वभूमी देते. १८२२ साली विल्यम ॲशलेने सेंट लुईसच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली: शंभर धाडसी तरुण हवेत, मिसूरी नदीच्या उगमापर्यंत जायचं, काम एक ते तीन वर्षांचं. हे काम होतं बीव्हर, म्हणजे झाडं कुरतडून पाण्याला बांध घालणारा प्राणी, पकडण्याचं. बीव्हरच्या अंगालगतची मऊ लव दाबून त्याचं जाड कापड करत आणि त्याच्या हॅट युरोप-अमेरिकेतले साहेब घालत. १८२५ पासून जवळजवळ दर उन्हाळ्यात ही माणसं, म्हणजेच ‘माउंटन मॅन’, रॉकी पर्वतातल्या ठरलेल्या खोऱ्यात जमायची, सेंट लुईसहून खेचरांवर माल यायचा, कातडी देऊन दारूगोळा, कॉफी, साखर, कापड घ्यायचं आणि परत डोंगरात. हाच ‘रेंदेव्हू’. शेवटचा रेंदेव्हू १८४० चा. तोवर बीव्हर विरळ झाले होते आणि हॅट रेशमी झाली होती. म्हणूनच आजच्या हौशी लोकांचा मुख्य नियम असा की १८४० नंतरची एकही वस्तू तळावर दिसता कामा नये. (फोर्ट ब्रिजर स्वतः १८४३ चं, पण ते असो.)

जुन्या काळचं जगणं असं स्वतः करून पाहण्याला इंग्रजीत ‘लिव्हिंग हिस्ट्री’ म्हणतात. या सगळ्याला मराठीत काय म्हणाल? मला फक्त पर्यायी शब्दांची यादी नको आहे. बाबांना फोनवर सांगता येईल आणि त्यांना कळेल, असं हवं आहे.

प्रतिसाद (पुण्याहून)

आधी शुद्धलेखन. ‘पुनर्अभिनय’ असं सर्रास लिहिलेलं दिसतं, पण संधी होऊन ‘पुनरभिनय’ होतो. तरी मला हा शब्द कोरडा वाटतो. आपल्याकडे गणपतीत मंडळं ‘जिवंत देखावा’ करतात की! अफझलखानाचा वध, आग्र्याहून सुटका, खरी माणसं, खरे पोशाख. लिव्हिंग म्हणजे जिवंत, मग ‘जिवंत देखावा’ जशाचा तसा बसतो. बाबांनाही लगेच कळेल.

मूळ प्रश्नकर्ती

दादा, हा शब्द मलाही पहिल्यांदा सुचला होता. अडचण ‘देखाव्या’ची आहे. देखावा बघणाऱ्यासाठी असतो. तळावर पाहिलेलं सांगते.

साठीच्या पुढचे एक गृहस्थ माझ्या मुलीला चकमक शिकवत होते. डाव्या हाताच्या चिमटीत गारेचा धारदार तुकडा, त्याच्या काठावर जाळून काळं केलेलं सुती फडकं, उजव्या हातात बोटांत अडकवायची पोलादी कडी. तिने आधी ठोकून पाहिलं. ते म्हणाले, ठोकायचं नाही, खरवडत खाली ओढायचं. गार पोलादाचा बारीक कीस काढते आणि तो कीस पेटतो, ठिणगी म्हणजे तोच. तिची बोटं सोलली. रडकुंडीला आली. मग कधी तरी एक ठिणगी फडक्यावर टेकली, तिची लाल कड हळूहळू पसरत गेली, फडकं सालीच्या झुबक्यात ठेवून तिने फुंकर घातली, धुराने डोळे भरले, आणि भप्पकन जाळ. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या गृहस्थांनी फक्त त्यावर कॉफीचं भांडं ठेवलं.

आम्ही नसतो तरी त्यांनी कॉफी अशीच केली असती. काडेपेटी नाहीच तिथे. म्हणून ‘अभिनय’ आणि ‘देखावा’ दोन्ही मला लागू वाटत नाहीत.

प्रतिसाद (पुण्याहून)

पटलं. मग तुलना बदलतो. आषाढात पन्हाळ्याहून पावनखिंडीकडे पावसात चालत जाणारे हजारो लोक असतात. मीही दोनदा गेलोय. चिखलात बूट रुतला की १६६० च्या त्या रात्रीबद्दल जे कळतं ते वाचून कळत नाही. पण त्याला आम्ही नुसतं ‘मोहीम’ म्हणतो, वेगळा शब्द कधी लागलाच नाही.

प्रतिसाद (सिंधुदुर्गातून)

बंदुकांचं मी सांगतो, कारण आमच्याकडे ती अजून घरात आहे. तुमचे माउंटन मॅन वापरत ती सगळी ‘ठासणीची बंदूक’. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर गोळी, मग गजाने ठासायची, म्हणून ठासणीची. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर अशा बंदुका आहेत, माझ्या आजोबांची होती. ते दारू शिंगात ठेवत, त्याला ‘दारूचं शिंग’च म्हणत. सांगायचा मुद्दा असा की ‘मझललोडर’ला शब्द घडवायची गरजच नाही. तो रोजच्या बातम्यांत असतो. ज्यात पेटती वात लागते ती तोड्याची, आणि गार ठिणगी पाडते ती चकमकीची.

मूळ प्रश्नकर्ती

काका, फार आभार. ‘गज’ हा शब्द मी जवळजवळ विसरले होते. अमेरिकेत या हौशी मंडळींची सुरुवातही बंदुकीपासूनच झाली. ठासणीच्या बंदुका चालवणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना १९३३ मध्ये निघाली, नेमबाजीसाठी. नेमबाजीला आले ते हळूहळू कपडे, तंबू, स्वयंपाक यांत शिरले.

आणि तुमच्या उत्तराने एक गोष्ट लक्षात आली. मोल्सवर्थचा मराठी कोश १८३१ साली निघाला, म्हणजे ऐन रेंदेव्हूच्या काळात. त्याच वर्षी जेडेडाया स्मिथ हा सर्वांत मोठा वाटाड्या कोमांची लोकांच्या हातून मारला गेला. तेव्हा त्यांच्या हातात ज्या वस्तू होत्या त्यांतल्या बऱ्याच त्या काळच्या मराठी घरांतही होत्या. शब्द नव्याने घडवण्याआधी त्या काळची मराठी धुंडाळली पाहिजे.

प्रतिसाद (नाशिकहून)

‘माउंटन मॅन’साठी ‘गिरिजन’ किंवा ‘डोंगरी’ का नको? नाही तर सरळ ‘फासेपारधी’. काम तेच आहे.

मूळ प्रश्नकर्ती

‘गिरिजन’ला माझा ठाम विरोध आहे. त्या डोंगरांना त्यांची माणसं होतीच: शोशोनी, क्रो, ब्लॅकफूट, नेझ पर्स. माउंटन मॅन बाहेरून आलेले. वाटा, खिंडी, हिवाळ्यात तग धरायची रीत त्यांनी या लोकांकडून घेतली, पायातले मोकासिन त्यांच्या पद्धतीचे, अनेकांच्या बायका त्यांच्यातल्या. जिम बेकवर्थ गुलामीत जन्मलेला, तो वर्षानुवर्षं क्रो लोकांत राहिला. पाहुण्यांनाच ‘गिरिजन’ म्हटलं तर मूळचे लोक भाषेतूनही हद्दपार होतात.

‘फासेपारधी’ हे एका समाजाचं नाव आहे, आणि त्या समाजाने ‘गुन्हेगार’ हा शिक्का पिढ्यान्पिढ्या सोसलाय. ते नाव उचलून दुसऱ्याला चिकटवू नये असं मला वाटतं. शिवाय फास दोरीचा असतो, यांचा सापळा पोलादी. मी ‘सापळेकरी’ म्हणेन. ‘शिकारी’ म्हटलं तर बंदूक डोळ्यांपुढे येते, पण बीव्हर बंदुकीने मारत नसत.

प्रतिसाद (छत्रपती संभाजीनगरहून)

बीव्हरला काही जण ‘पाणमांजर’ लिहितात, ते चूक. पाणमांजर म्हणजे ऊद, तो मासे खातो आणि आपल्या नद्यांत आहे. बीव्हर झाडं कुरतडतो, बांध घालतो, आणि आपल्याकडे नाहीच. म्हणून ‘बीव्हर’च ठेवा.

पण गंमत बघा, प्राणी नसला तरी त्याचं एक द्रव्य आपल्या बाजारात होतं. युनानी औषधांत ‘जुंदबेदस्तर’ म्हणतात ते बीव्हरच्या शेपटीजवळच्या पिशव्यांमधलं वासाचं द्रव्य. ‘बेदस्तर’ म्हणजे फारसीत बीव्हर, आणि ‘जुंद’ हे ‘अंड’ (वृषण) या अर्थाच्या शब्दाचं अरबी रूप. लोकांना वाटायचं त्या पिशव्या म्हणजे अंडच आहेत. माझ्या वडिलांचं जडीबुटीचं दुकान होतं, बरणीवर हे नाव मी लहानपणी वाचलेलं आहे.

मूळ प्रश्नकर्ती

हे वाचून मी अक्षरशः उठून उभी राहिले! कारण सापळ्याचं आमिष तेच. सापळा काठालगत उथळ पाण्यात ठेवायचा, साखळी खोल पाण्याकडे नेऊन खुंटीला बांधायची, आणि वर एक काडी रोवायची, तिच्या टोकाला हे द्रव्य. दुसऱ्या बीव्हरचा वास आला म्हणून तो हुंगायला येतो आणि पाय सापळ्यात पडतो. भ्यायला की खोल पाण्याकडे पळतो, आणि सापळ्याच्या वजनाने बुडतो. तळावर एकाने डबी उघडून दाखवली होती. वास उग्र, चामड्यासारखा, पण थोडा गोडसरही. आता त्या डबीला माझ्याकडे नाव आहे.

प्रतिसाद (लातूरहून)

‘कॅश’बद्दल (पैशांचा नव्हे, cache) विचारायचं राहिलं का? नक्की काय असतं ते?

मूळ प्रश्नकर्ती

बरोबर, राहिलंच. फ्रेंच ‘लपवणे’वरून. कातड्यांचे गठ्ठे रेंदेव्हूपर्यंत वाहून न्यायचे नसले की जमिनीत पुरून ठेवत. वरची गवताची ढेप अलगद काढायची, अरुंद तोंडाचा खड्डा खणायचा, आत रुंद करत जायचा, तळाला आणि बाजूंना काटक्या, कातडी. निघालेली माती नदीत टाकायची म्हणजे माग राहत नाही. मग ढेप पुन्हा बसवायची. युटातल्या कॅश व्हॅलीचं नाव यावरूनच. फोनमध्ये आपण जे ‘कॅश क्लिअर’ करतो तोही शब्द हाच.

प्रतिसाद (लातूरहून)

अहो ताई, हे तर पेव! तोंड बारीक, पोट मोठं, आत कडब्याचा थर, वर माती. आमच्या आजीच्या वाड्यात ज्वारीचं पेव होतं. उघडल्यावर लगेच आत उतरू देत नसत, कोंडलेल्या हवेने माणूस गुदमरतो म्हणून. नुसतं ‘पुरून ठेवलं’ म्हणू नका, ‘पेवात ठेवलं’ म्हणा.

प्रतिसाद (नागपूरहून)

‘रेंदेव्हू’ला माझं मत ‘संकेतस्थळ’. हसू नका. संकेत म्हणजे आधी ठरवलेली खूण, आणि भेटीची ठरलेली जागा ते संकेतस्थळ, काव्यातली अभिसारिका जाते तिथे. वेबसाइटने हा शब्द अलीकडे पळवला. मुळात अर्थ अगदी रेंदेव्हूचाच.

मूळ प्रश्नकर्ती

जागेपुरता शब्द अचूक आहे. पण माउंटन मॅनच्या तोंडी रेंदेव्हू म्हणजे जागा, मुदत, बाजार, हिशेब, दारू, शर्यती, सगळं एकत्र. बाबांना मी ‘वर्षाचा बाजार’ म्हणून सांगेन. ‘पॉसिबल्स’ची पिशवी म्हणजे ज्यात चकमक, सुई, चाकू, तंबाखू असं वेळेला लागेल ते सगळं. तिच्यासाठी मला ‘अडीनडीची पिशवी’ सुचलं. बटवा फार नाजूक वाटतो.

प्रतिसाद (वाईहून, निवृत्त शिक्षिका)

मुख्य शब्द अजून राहिलाच आहे, म्हणून लिहिते. मी पस्तीस वर्षं पहिलीला शिकवलं. मूल अक्षर शिकतं ते बघून नाही, गिरवून. पाटीवर बाईंनी काढलेल्या ‘ग’वरून पेन्सिल फिरवायची, पुन्हा पुन्हा, हाताला वळण लागेपर्यंत. तुमच्या मुलीने ठिणगी पाडली तेव्हा तिने तेच केलं. दुसऱ्याच्या हाताच्या खुणेवरून आपला हात फिरवला. त्याला ‘इतिहास गिरवणं’ म्हणा.

प्रतिसाद (पुण्याहून)

बाई, शब्द सुंदर आहे, पण ‘कित्ता गिरवणे’ आज आंधळ्या अनुकरणालाही वापरतात. तो वास येणार नाही का?

प्रतिसाद (वाईहून)

येईल थोडा. पण गिरवताना मुलाला माहीत असतं की खालचं अक्षर आपलं नाही. आपली रेघ जरा बाहेर जाते आणि तीही दिसते. अभिनयात माणूस ‘मीच तो’ म्हणतो, गिरवणारा म्हणत नाही.

मूळ प्रश्नकर्ती

बाई, हेच हवं होतं. तळावरचं कुणीही ‘मी जिम ब्रिजर आहे’ (ज्याच्या नावाचा हा फोर्ट, तो माउंटन मॅन) असं म्हणत नव्हतं. ‘हा टाका तेव्हा असा घालत असावेत, मी तीन तऱ्हा करून पाहिल्या’ असं म्हणत होते. १९६८ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या एका संघटनेत सभासदाला पायऱ्या चढाव्या लागतात, कातडं कमावणं, थंडीत फक्त त्या काळच्या सामानावर राहणं, असं प्रत्यक्ष करून दाखवून. सर्वांत वरच्या पायरीचं नाव ‘हिवाळा काढलेला’ या अर्थाच्या शब्दावरून आलंय. आपण म्हणतो ना, ‘पावसाळे पाहिलेला’!

काल बाबांना सांगितलं: “तिथली माणसं सापळेकऱ्यांचा वर्षाचा बाजार गिरवतात.” ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “मग सापळेसुद्धा लावतात का अजून?” म्हणजे कळलं त्यांना.

प्रतिसाद (बीडहून)

‘बूशवे’ राहिला. कोण असतो तो?

मूळ प्रश्नकर्ती

फ्रेंच ‘बूर्झ्वा’चा अपभ्रंश. तेव्हा टोळीचा प्रमुख, कंपनीचा माणूस. आज तळाच्या व्यवस्थापकाला म्हणतात. त्याच्या हाताखालचे काही पगारी, काही कंपनीकडून सामान उधार घेऊन निघालेले, आणि थोडे पूर्ण मोकळे. उधारीवाल्यांना सेंट लुईसच्या कितीतरी पट भावाने माल मिळायचा, आणि बऱ्याचदा वर्षाची सगळी कातडी देऊनही बाकी राहायची.

प्रतिसाद (बीडहून)

मग शब्द शोधू नका. तो मुकादम, आणि ती उचल. आमच्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्या प्रत्येक घरात हे दोन्ही शब्द रोज बोलले जातात. आजच्या तळावरच्या हौशी बूशवेला मात्र मुकादम म्हणू नका, त्याला ‘कारभारी’ म्हणा.