मदत हवी आहे: 26 जानेवारीच्या उपकारस्तुतीसाठी स्तोत्र सुचवा
जय ख्रिस्त! 26 जानेवारीच्या उपासनेत देशाबद्दल उपकारस्तुतीची प्रार्थना करायचं काम पाळकसाहेबांनी माझ्याकडे दिलंय. संविधानाच्या कलम 25 ने दिलेल्या धर्मस्वातंत्र्याबद्दल, चांगल्या शेजाऱ्यांबद्दल मनापासून आभार मानायचे आहेत. पण आमच्या मंडळीत बरीच दलित कुटुंबं आहेत. अनुसूचित जातींबद्दलच्या राष्ट्रपतींच्या 1950 च्या आदेशामुळे ख्रिस्ती दलितांना अनुसूचित जातीचा दर्जा नाही. शिखांना तो 1956 मध्ये, बौद्धांना 1990 मध्ये मिळाला. हे गाळून नुसतं गोडगोड बोलणं मला जमणार नाही. (मंडळीतली जातपात हा आपल्याच घरचा वेगळा विषय!) वाचनासाठी बायबलमधलं यिर्मया 29:7 (ज्या नगरात राहता त्याच्या हितासाठी प्रार्थना करा) घेतलंय. उपकार आणि गाऱ्हाणं दोन्ही असलेलं एखादं स्तोत्र सुचवाल का? ना. वा. टिळकांचं गीतही चालेल, फक्त चाल म्हाताऱ्यांना येणारी हवी.