वीस तारखेलाच पैसे संपतात, किराणा अन् लाईटबिल कसं बसवता?

लातूरची_सून:
नमस्कार. आम्ही लातूरला भाड्यानं राहतो, हे, मी, दोन लेकरं अन् सासूबाई. यांच्या पगाराचे २४ हजार हातात येतात, त्यातले सहा भाड्याला. लेकरांच्या शाळेची व्हॅन, दूध, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या यात काही कमी होत नाही. किराणा गल्लीतल्या दुकानातून वहीवर आणतो, मागच्या महिन्यात ७,८०० झाले अन् मला आठवेना की एवढं आणलं काय. वीस तारखेनंतर बहिणीकडून हातउसने घ्यायची पाळी येते, लई वाईट वाटतं. लेकरांचं दूध-फळ तोडायचं नाही, बाकी कुठं हात आखडता घ्यावा सांगा.

नांदेडची_काकू:
बाई, आधी ती वही बंद कर. वहीवर घेताना माणूस भाव विचारत नाही अन् उधारीवाल्याला दुसऱ्या दुकानात जाता येत नाही. मी एकदा आमची वही घेऊन बसले अन् नुसत्या दहा-दहाच्या पुड्यांवर पेन्सिलनं खुणा केल्या, एका महिन्यात ४१ निघाले! लेकरू साखर आणायला गेलं की सोबत पुडा ठरलेलाच. तेव्हापासून शाळेतून यायच्या टायमाला चुरमुऱ्यांचा सुशीला नाहीतर दाण्याची चटणी-भाकरी तयार ठेवते, अन् दुकानात लेकराला पाठवत नाही. उधारी एकदम फिटणार नाही, जुनी बाकी हप्त्यानं दे पण नवीन सामान रोखीनंच घे.

औशाचा_शेतकरी:
ताई, तुम्ही लातूरात राहून डाळ किलोकिलोनं दुकानातून घेता हे चुकतंय बगा. एवढ्या डाळमिल आहेत तिथं, काही मिलवाले घरच्या गिऱ्हाईकालाही देतात, चौकशी करा. तुकडा डाळ मागा, अख्ख्या डाळीपेक्षा स्वस्त पडते अन् वरणात शिजल्यावर तुकडा कोणता अन् अख्खी कोणती काही कळत नाही. नवी तूर जानेवारी-फेब्रुवारीत येते, त्यानंतर शाळूची ज्वारी, तेव्हा माल भरपूर असतो म्हणून भाव बहुतेक नरम असतात. गावाकडं कुणी असेल तर ज्वारी खळ्यावरूनच उचला. एकरकमी पैसे नसतील तर बचत गटातून घ्या, हातउसण्यापेक्षा बरं.

जालना_७७:
दादांचं बरोबर आहे पण भाड्याच्या दोन खोल्यांत पूर्ण साल भरायच्या भानगडीत पडू नका. मी एक क्विंटल गहू पोत्यातच ठेवला होता, भिंतीला ओल आली अन् श्रावणापर्यंत अर्ध्याला किडे, रोज परातीत घेऊन निवडत बसायचे, शेवटी रडूच आलं. तीन-चार महिन्यांचं घ्या, कडक उन्हात दोन दिवस वाळवून पूर्ण गार झाल्यावरच पत्र्याच्या कोठीत भरा, कडुलिंबाचा पाला टाकायचा तर सावलीत वाळवलेला टाका, ओला नको.
अन् लाईटबिल बघितलं का? महावितरणचा घरगुती दर शंभर युनिटनंतर एकदम चढतो. जुना ७५ वॅटचा पंखा बारा तास चालला तर महिन्याला २७ युनिट खातो, २८ वॅटचा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणारा नव्या मोटरचा पंखा, दहाच. एकदम सगळे बदलू नका, जो रात्रंदिवस फिरतो तो आधी. दोन हजार वॅटचं गिझर तासाभरात दोन युनिट ओढतं, म्हणून अंघोळी एकामागं एक उरकायच्या.

लातूरची_सून:
काकू, आत्ताच वही काढून बसले होते, खारी, टोस्ट अन् पुडे मिळून १,१४० निघाले!! हे तर शेजारी बसून गप्पच झाले. लाईटबिल १३८ युनिटचं आहे, सासूबाईंच्या खोलीतला पंखा दिवसभर चालू असतो, तोच आधी बदलते. उद्या दुकानदार काकांना पाच हजार देऊन बाकीचे दोन हप्त्यांत देते म्हणून सांगते. दादा, तुकडा डाळ आधी पाच किलोच आणू का? सासूबाईंना शिजवून दाखवल्याशिवाय पटणार नाही.

औशाचा_शेतकरी:
आणा की. दोन तास भिजवून कुकरला लावा, गॅसही कमी लागतो.