काकांच्या फेंडर जॅझ बेसचे वय कसे ठरवावे आणि तो कोठे विकावा?

खोताचीवाडीकर (प्रश्न)

माझे काका सत्तरच्या दशकात मुंबईतील हॉटेलांच्या बँडमध्ये आणि अधूनमधून चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात बेस गिटार वाजवत असत. त्यांच्या पश्चात त्यांचा फेंडर या अमेरिकी कंपनीचा जॅझ बेस (बेस गिटारचे एक मॉडेल) काकूंकडे आहे आणि घरात वाजवणारे कोणी नसल्यामुळे त्यांनी तो विकायचे ठरवले आहे. जुन्या वाद्यांचा व्यवहार करणारे एक गृहस्थ घरी येऊन तो पाहून गेले. त्यांनी नॉबखालची धातूची पट्टी उघडली, आतल्या एका पॉटवरचा (नॉब ज्यावर बसतो त्या, आवाज कमी-जास्त करणाऱ्या भागावरचा) आकडा दाखवून हे वाद्य १९७८ चे असल्याचे सांगितले आणि दीड लाख रुपये देऊ केले. काका मात्र नेहमी सांगत की हा बेस त्यांनी १९७१ मध्ये जहाजावर वाजवणाऱ्या एका वादकाकडून घेतला. पावती अर्थातच नाही.

नंतर मी एका कारागिराकडून नेक (वाद्याची मान) उतरवून घेतला. त्याच्या बुडाशी शिक्का आहे: आधी ७, मग मार्च महिन्याची इंग्रजी आद्याक्षरे, मग ६६ आणि शेवटी ए. म्हणजे ७ मार्च १९६६ असे मी धरतो. पाठीमागच्या नेक प्लेटवर मोठा एफ आणि सहा आकडी क्रमांक आहे. फ्रेटबोर्डच्या (नेकवरच्या, बोटे टेकवायच्या फळीच्या) कडेला पांढरी पट्टी असून खुणा गोल ठिपक्यांच्या आहेत. ट्यूनरच्या (तारा ताणण्याच्या खुंट्यांच्या) किल्ल्या अंडाकृती आहेत. तीन पॉटपैकी दोघांवर ३०४६६२० आणि तिसऱ्यावर १३७७८१४ असे आकडे आहेत. रंग सनबर्स्ट (मध्ये फिकट आणि कडेला गडद) आहे, पण तो मूळचा की नंतर मारलेला हे मला ओळखता येत नाही. व्यापाऱ्याचे म्हणणे खरे मानावे का, आणि विकण्यापूर्वी आणखी काय तपासावे?

दादरचा दुरुस्तीवाला

पॉटवरचा आकडा त्या पॉटच्या निर्मितीचा असतो, वाद्याच्या नव्हे. पहिले तीन आकडे उत्पादकाचे, पुढचे दोन वर्षाचे आणि शेवटचे दोन आठवड्याचे असतात. ३०४ म्हणजे स्टॅकपोल आणि १३७ म्हणजे सीटीएस. तुमचे दोन पॉट १९६६ च्या विसाव्या आठवड्यातले, म्हणजे मे महिन्याच्या मध्याचे आहेत, आणि तिसरा १९७८ च्या चौदाव्या आठवड्यातला आहे. तीनपैकी एक बारा वर्षांनी तरुण असेल तर तो बदललेला आहे एवढेच सिद्ध होते. व्यापाऱ्याने नेमका तोच आकडा दाखवावा आणि शेजारच्या दोघांविषयी मौन बाळगावे, यावर मी अधिक काही लिहीत नाही.

शिक्क्यातील ७ हा दिनांक नाही. त्या काळात फेंडरच्या नेकवर पहिला आकडा मॉडेलचा असे: जॅझ बेससाठी ७ आणि प्रिसिजन बेससाठी ५. शेवटचे अक्षर नटपाशी (नेकच्या वरच्या टोकाला तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीपाशी) नेकची रुंदी सांगते आणि ए म्हणजे दीड इंच, जी जॅझ बेसची नेहमीची रुंदी आहे. तेव्हा शिक्का केवळ मार्च १९६६ असे सांगतो. नेक मार्चमधला आणि पॉट मे महिन्यातले, यात विसंगती नाही. सुटे भाग आधी तयार होऊन पडून राहत आणि जुळणी नंतर होत असे. त्यावरून हा बेस १९६६ च्या मे महिन्याच्या मध्यानंतर जोडला गेला असे म्हणता येते. मात्र फेंडरने १९६६ मध्ये पॉटचा मोठा साठा घेतला होता आणि तो पुढे काही वर्षे वापरात होता, म्हणून जुळणीचे साल केवळ पॉटवरून ठरवणारा माणूस फसतो.

तुमच्या बाबतीत फ्रेटबोर्ड मदतीला येतो. जॅझ बेस १९६० मध्ये आला तेव्हा त्याच्या फ्रेटबोर्डला कडेची पट्टी नव्हती आणि खुणा ठिपक्यांच्या होत्या. पट्टी १९६५ च्या अखेरीस आली आणि १९६६ मध्येच ठिपक्यांची जागा आयताकृती खुणांनी घेतली, त्यामुळे पट्टी आणि ठिपके एकत्र असलेले नेक फार थोड्या काळातले आहेत. मार्च १९६६ त्यात नेमका बसतो. अंडाकृती किल्ल्याही त्याच सुमाराच्या आहेत. तरी हेडस्टॉकच्या (ट्यूनर असलेल्या वरच्या टोकाच्या) मागे ट्यूनरच्या बाजूला बुजवलेली जुनी भोके दिसतात का, ते पाहून घ्या.

एफ असलेल्या प्लेटला मी सर्वांत कमी महत्त्व देतो. जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीने फेंडर विकत घेतल्यानंतर ही मालिका सुरू झाली आणि १९७६ पर्यंत चालली, पण प्लेट क्रमवारीने लावल्या जात नसत आणि चार स्क्रू काढले की प्लेट दुसऱ्या वाद्यावर जाते. हव्या त्या क्रमांकाची नकली प्लेटही विकत मिळते. हेडस्टॉकवरच्या लोगोचे तसेच आहे.

आता बॉडी आणि रंग, कारण किंमतीचा खरा प्रश्न तिथे आहे. इंटरनेटवर तुम्हाला कोणीतरी खिळ्यांची भोके शोधायला सांगेल. रंग वाळताना बॉडी उचलून धरण्यासाठी फेंडरमध्ये तिला छोटे खिळे ठोकत आणि नंतर काढून टाकत. म्हणून मूळ रंगाच्या बॉडीवर त्या भोकांत रंग नसतो आणि नव्याने रंगवलेल्या बॉडीवर तो आत उतरलेला दिसतो. ही कसोटी उत्तम आहे, पण ती पद्धत साधारण १९६४ पर्यंतची. तुमच्या बेसवर भोके सापडली नाहीत तर घाबरू नका. त्याऐवजी नेक ज्या खाचेत बसतो ती खाच पाहा. या काळात रंगवताना तिथे एक लाकडी पट्टी स्क्रूने बसवून बॉडी तिच्या आधाराने धरत, त्यामुळे पट्टीखालचा भाग रंगाविना राहत असे. खाचेत असा कोरा पट्टा असेल तर ते चांगले लक्षण आहे. संपूर्ण खाच एकसारखी रंगलेली असेल तर बॉडी पुन्हा रंगवली असण्याची दाट शक्यता आहे. अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखालीही बॉडी पाहावी, कारण जुना नायट्रोसेल्युलोज लॅकर आणि नंतरची डागडुजी वेगवेगळ्या चमकतात.

पिकगार्डवर (बॉडीवरच्या संरक्षक पत्र्यावर) 'जी' या सर्वांत बारीक तारेच्या बाजूला अंगठ्याच्या पट्टीचे दोन स्क्रू किंवा त्यांची भोके असायला हवीत, कारण ती पट्टी वरच्या बाजूला १९७४ मध्ये गेली. पिकअप (तारांखालचे, आवाज टिपणारे भाग) मात्र कृपा करून बाहेर काढू नका. त्यांच्या गुंडाळीची तार केसाएवढी बारीक असते आणि मुंबईच्या दमट हवेत पन्नास वर्षे काढलेली तार एका झटक्यात तुटते. एक व्हॉल्यूम बंद आणि दुसरा पूर्ण उघडा ठेवून जॅकवरच मीटर लावला तर सात किलोओहमच्या आसपास आकडा मिळावा. तेवढे पुरे आहे.

वसईचा बेसिस्ट

हा बेस जपानी नसेल ना, ही शंका कोणीतरी काढणारच, म्हणून लिहितो. फेंडर जपान १९८२ मध्ये सुरू झाली आणि फुजिगेन कारखान्यात साठच्या दशकातल्या मॉडेलांच्या देखण्या प्रतिकृती तयार झाल्या. त्याआधीही जपानी कंपन्या फेंडरच्या नकला बनवत होत्याच. परंतु तिथले स्क्रू आणि पॉट मेट्रिक मापाचे असतात, आणि स्टॅकपोलचे इंची मापाचे पॉट जुन्या सोल्डरसह मूळ जागी असतील तर शंकेला फारसा वाव उरत नाही. उरलेल्या दोन पॉटच्या तारा कापडी वेष्टनाच्या आहेत का, तेवढे पाहा.

तिसऱ्या पॉटबद्दल थोडे विषयांतर. त्या काळी मुंबईत परदेशी वाद्याचा सुटा भाग मिळवणे कठीण होते. आयातीवर निर्बंध होते, म्हणून वादक तारा पाण्यात उकळून पुन्हा वापरत आणि कपॅसिटर लॅमिंग्टन रोडवरून आणत. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदातील टोनी वाझ यांच्यासारख्यांची बेस ज्या काळात घराघरांत ऐकू येत होती, त्या काळातले जे बेस आज या शहरात सापडतात त्यांत एकही भाग न बदललेला बेस मला तरी दिसलेला नाही. तुमच्या बेसमध्ये सीटीएसचा पॉट बसवला गेला म्हणजे काकांनी तो परदेशी जाणाऱ्या कोणाकडून मुद्दाम मागवला असावा.

आता सावधगिरीची गोष्ट. विकण्यापूर्वी १९६६ चा पॉट शोधून तिथे बसवण्याचा सल्ला तुम्हाला मिळेल. तसे करू नका. प्रामाणिकपणे नोंदवलेला एक बदललेला पॉट किंमत थोडीच कमी करतो. पण ताज्या सोल्डरने बसवलेला जुना पॉट जाणकाराच्या नजरेस पडला तर तो बाकीच्या प्रत्येक भागावर संशय घेऊ लागतो. पॉलिश करणे, फ्रेट बदलणे, गंजलेले स्क्रू नवे घालणे, हेही टाळा.

खोताचीवाडीकर

दोघांचेही आभार. नेकच्या खाचेत कोरा पट्टा स्पष्ट दिसतो. दोन पॉटच्या तारा कापडी आहेत आणि तिसऱ्याच्या प्लॅस्टिकच्या. अतिनील दिव्याखाली बॉडीच्या खालच्या कडेला तळहाताएवढा भाग गडद दिसला, बाकी सर्व एकसारखे आहे. हेडस्टॉकमागे जादा भोके नाहीत.

हे सर्व सांगितल्यावर त्या व्यापाऱ्याने रक्कम वाढवली, मात्र पॉट बदलून देण्याची अटही घातली. काकूंनी ती मान्य केली नाही. जर्मनीतील एका ग्राहकाने बरीच अधिक किंमत देऊ केली आहे. त्यात काही अडचण येईल का?

दादरचा दुरुस्तीवाला

कडेचा तो भाग जुन्या टवक्यावर मारलेला रंग असावा. त्याचा फोटो जाहिरातीत ठेवा. संपूर्ण पुन्हा रंगवलेल्या बेसची किंमत बाजारात साधारण निम्म्यावर येते, पण एवढ्याशा डागडुजीला तो हिशेब लागू होत नाही. भाव ठरवताना परदेशी संकेतस्थळांवरच्या मागितलेल्या किमती न पाहता प्रत्यक्ष विक्री झालेल्या वाद्यांच्या किमती पाहाव्यात. दोन्हींत पुष्कळ अंतर असते.

माटुंग्याचा वाचक

परदेशी विक्रीत अडचण लाकडाची आहे. फेंडर साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत फ्रेटबोर्डसाठी ब्राझिलियन रोझवुड वापरत असे आणि नंतर भारतीय रोझवुड, म्हणजे आपला शिसव, वापरू लागली. १९६६ हे नेमके त्या बदलाच्या सुमाराचे साल आहे. ब्राझिलियन रोझवुड १९९२ पासून सायटिस या, दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, आणि वाद्य त्यापूर्वीचे असले तरी ते देशाबाहेर पाठवण्यासाठी तसे प्रमाणपत्र लागते. शिसवाच्या तयार वाद्यांना २०१९ मध्ये सूट मिळाली, पण ती सूट ब्राझिलियन लाकडाला नाही. शिवाय वन्यजीव संरक्षण कायद्यातील दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाल्यामुळे सायटिसच्या तरतुदी आता आपल्या कायद्याचाही भाग आहेत. फोटोवरून लाकूड खात्रीने ओळखता येत नाही, आणि कुरिअरच्या अर्जावर 'जुनी गिटार' एवढेच लिहून पाठवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच ऐकू नये. सीमाशुल्क खात्याने अडवलेले वाद्य परत मिळेल याची शाश्वती नसते. भारतातच विकलेत तर निर्यातीचा हा प्रश्न उद्भवत नाही. जर्मन ग्राहकालाच द्यायचा असेल तर आधी लाकडाची तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्या आणि प्रमाणपत्राचा खर्च कोणी सोसायचा हे लेखी ठरवा.

खोताचीवाडीकर

काकूंनी देशातच विकायचे ठरवले आहे. पुण्याचे एक वादक येत्या रविवारी पाहायला येणार आहेत. बेससोबत काळ्या टोलेक्सची (चामड्यासारख्या दिसणाऱ्या आवरणाची) जुनी केसही आहे, पण तिच्या आतल्या मखमलीला बुरशी आली आहे. ती द्यावी की नाही?

वसईचा बेसिस्ट

अवश्य द्यावी. काळी टोलेक्स केस याच काळातली असू शकते आणि संग्राहक तिच्यासाठीही पैसे मोजतात. मात्र तोपर्यंत बेस तिच्यात ठेवू नका. केस उन्हात उघडी ठेवून मऊ ब्रशने बुरशी झाडा आणि अस्तर ओल्या फडक्याने पुसू नका. पाहणी काकूंच्या घरीच ठेवा, नेक त्यांच्यासमोर पुन्हा उतरवायची तयारी असू द्या आणि पावतीवर तिसरा पॉट व कडेची डागडुजी या दोन्ही गोष्टी लिहून दोघांच्या सह्या घ्या.