मदत हवी आहे: जुन्या डेस्कटॉपला स्वस्तात वायफाय

नमस्कार मंडळी. घरी जुना असेंबल केलेला डेस्कटॉप आहे: कोअर टू डुओ, ४ जीबी रॅम, विंडोज ७. बाबा त्यावर शेतीचे हिशेब ठेवतात, आता सातबाराही त्यावरच काढायचाय म्हणे. मशीन ठणठणीत आहे, त्यामुळे नवीन घेऊया म्हटलं की ते उखडतात.

राउटर ओसरीत, कॉम्प्युटर माजघरात, मध्ये दगडी भिंत. केबलसाठी भोक पाडायला आईची सक्त मनाई. सध्या माझा मोबाइल यूएसबी टेदरिंगने जोडतो. झकास चालतं, पण मी बाहेर पडलो की नेटही माझ्याबरोबर बाहेर.

बजेट हजाराच्या आत. यूएसबी डोंगल (यूएसबीत खोचून वायफाय पकडणारं छोटं यंत्र) घ्यावा असं वाटतंय. दगडी भिंतीतून ५ गिगाहर्ट्झचा फारसा उपयोग नाही, म्हणून २.४ वाला, अँटेना असलेला बघतोय. नखाएवढा नॅनो डोंगल पत्र्याच्या कॅबिनेटमागे लावला तर सिग्नल आणखी पडेल ना? की यूएसबी एक्स्टेंशनने तो टेबलावर आणून ठेवला तर भागेल?

खरी अडचण ड्रायव्हरची, म्हणजे डोंगल चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची. बऱ्याच नव्या डोंगलवर विंडोज १० आणि पुढचंच लिहिलेलं असतं. विंडोज ७ वर नक्की चालणारा कुणी वापरतंय का? मॉडेल सांगा. विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट जानेवारी २०२० लाच थांबलेत, हे माहीत आहे. विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकायला माझी ना नाही, पण बाबांच्या जुन्या फाइल्स युनिकोडपूर्व मराठी फाँटमधल्या आहेत (तो फाँट नसेल तर अक्षरं भलतीच दिसतात). त्या तिथे नीट दिसतील का?